मुलांच्या हातात आधी बोल्ट दे

पोरी, पॉलिटेक्निकात तुला मशीन ड्रॉइंग आणि मेट्रॉलॉजी दोन्ही विषय मिळाले, म्हणजे स्टँडर्ड शिकवायचं काम तुझ्याच गळ्यात पडलं. मामाचं ऐकणार असशील तर पहिल्या तासाला फळ्यावर फुलफॉर्म लिहू नकोस. आयएसआय १९४७ साली स्थापन झाली, १९८७ साली तिची बीआयएस झाली, हे दोन मिनिटांत सांगून मोकळी हो. कंपनीत आलेल्या ट्रेनीला आम्ही फुलफॉर्म कधी विचारले नाहीत. जॉब हातात द्यायचो आणि विचारायचो, घ्यायचा की परत पाठवायचा? आणि कशावरून? तिथे भले भले फर्स्ट क्लासवाले छताकडे बघायचे. तुझ्या मुलांना या एका प्रश्नाची सवय लागली की तुझं निम्मं काम झालं.

सुरुवात घरापासून करून घे. प्रत्येकाने घरातला एकेक आयएसआय मार्क शोधून त्याचा फोटो आणायचा. मार्काच्या वर स्टँडर्डचा नंबर असतो: प्रेशर कुकरवर आयएस २३४७, दुचाकीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१, पीव्हीसी वायरवर आयएस ६९४. खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि ते चालू आहे का, हे कळतं. एखाद्याचं फुटपाथवर घेतलेलं हेल्मेट अ‍ॅपमध्ये सापडलं नाही, तर त्या दिवशी तुला वेगळं लेक्चर द्यावं लागणार नाही.

मग बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात ते आणि गॅरेजवाल्याने काढून टाकलेले, असे मूठभर मिसळून टेबलावर ओत. डोक्यावर ८.८ असेल तर पहिल्या आठाला शंभराने गुणायचं, ८०० मेगापास्कल ही टेन्साइल स्ट्रेंग्थ. पुढचा .८ म्हणजे यील्ड तिच्या ऐंशी टक्के, ६४०. १०.९ चं उत्तर त्यांना काढू दे. ज्याचं डोकं कोरं आहे तो कशाचा आहे हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून भार येतो तिथे तो लावायचा नाही. हे झाल्यावर आयएस १३६७ चा तिसरा भाग उघड. आता तो तक्ता मुलं स्वतःहून वाचतील.

खरा मुक्काम कर तो फिट्सवर. लेथवर २५ एच ७ चं एक बोअर करून घे. आयएस ९१९ मध्ये १८ ते ३० मिलिमीटरची ओळ शोधायची. एच ७ ला खाली शून्य, वर २१ मायक्रॉन. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मध्ये बसलं पाहिजे. आता मुलं व्हर्नियर उचलतील, उचलू दे. मग विचार, याचा लीस्ट काउंट किती? ०.०२. अख्खा टॉलरन्सच तेवढा, तर त्यातलं कमीजास्त हे काय सांगणार? टूलरूममधला ठोकताळा असा की साधन टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शापर्यंत वाचणारं हवं. इथे डायल बोअर गेज काढ, किंवा सरळ प्लग गेज. 'गो' बाजू आपल्या वजनाने आत उतरली पाहिजे आणि 'नो-गो' अडली पाहिजे. 'नो-गो' सहसा आखूड असते, तिच्यावर लाल पट्टी असते. गेज जोर लावून आत घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबव. तसा घातलेला गेज काही दिवसांत झिजतो आणि मग खराब जॉब पास करायला लागतो.

याच तासाला तापमानाचं सांगून टाक, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. मापं २० अंशांना धरलेली असतात. पुण्याच्या एप्रिलात शॉपमध्ये ३५ अंश सहज होतात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा तेवढ्यात सुमारे १७ मायक्रॉन वाढतो, आणि त्या मापाचा एच ७ टॉलरन्स आहे ३५. म्हणजे निम्मा खाल्ला! गेजही पोलादाचा आणि त्याच खोलीतला असेल तर दोघं बरोबरीने वाढतात, बिघडत नाही. बिघडतं ते मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मोजल्यामुळे. तो सरफेस प्लेटवर थंड होऊ द्यायचा.

प्रत्येक जॉबचा रिपोर्ट लिहून घे. स्टँडर्डचा नंबर, साल, साधनाचा नंबर, त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, वाचन, निर्णय, सही. सही करताना पोरं पुन्हा एकदा मोजतात, हे मी किती वेळा पाहिलंय! कॉलेजच्या साधनांवर कॅलिब्रेशनचं स्टिकर बहुधा नसेलच. मग रिपोर्टात तसंच लिहू दे, पण खोटी तारीख टाकू देऊ नकोस.

साल लिहायचं का, तर स्टँडर्ड बदलत राहतं आणि लोक जुनंच बोलत राहतात. स्ट्रक्चरल स्टीलच्या आयएस २०६२ मध्ये आधी एफई ४१० होतं, आता ई २५०. माल तोच, जुनं नाव टेन्साइलवरून होतं, नवं यील्डवरून. नवखा पोरगा ४१० चं २५० झालेलं बघून हलका माल आला म्हणून ट्रक परत धाडेल. भोसरीत आजही सगळे ईएन ८ मागतात. ब्रिटिशांचं हे युद्धकाळातलं नाव, त्यांनी स्वतः ते टाकून ०८०एम४० केलं त्यालाही किती वर्षं झाली. शॉपमध्ये ईएन ८ म्हणू दे, पण ड्रॉइंगवर आणि पर्चेस ऑर्डरवर चालू नाव लिहायची सवय लाव.

ड्रॉइंग हातात आलं की आधी टायटल ब्लॉकमधलं शंकूचं चिन्ह बघायचं. आपण शिकवतो फर्स्ट अँगल, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं थर्ड अँगलमध्ये. न बघता केलेला जॉब आरशातला निघतो. मजकुरात 'शाल' असेल तर बंधन, 'शुड' असेल तर शिफारस; एवढं कळलं तरी सप्लायरशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

आणि परीक्षा उघड्या पुस्तकाने घे. बहुतेक भारतीय स्टँडर्ड्स बीआयएसच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की फुकट उतरवता येतात, त्यामुळे सबब चालणार नाही. बाहेरून येणारा परीक्षक कुरकुर करेल, करू दे. कंपनीत कोणी तक्ते पाठ करत नाही. योग्य तक्ता, योग्य ओळ किती लवकर सापडते तेच बघतात. तोंडी परीक्षेला जॉब, गेज आणि स्टँडर्ड समोर ठेव आणि निर्णय माग.

खरेदीची यादी एचओडींकडे जायच्या आत तीत २५ एच ७ चा एक प्लग गेज घाल. यादी एकदा गेली की तो पुढच्या वर्षीच्या बजेटवर जातो.