वल्हं हातात, जोर कमरेत

थंडी सुरू झाली की सोमवारी दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येते : "डॉक्टर, खांदा वर उचलवत नाही." शनिवार-रविवार कुठे गेला होतात, असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं, कोलाड.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. वरचा राफ्टिंगचा टप्पा खळाळता. खाली कोलाडच्या बाजूला पाणी संथ, नवशिक्यांनी कयाक वल्हवावी असं. जरूर जा. फक्त पाणी सोडलं की पातळी चढते, तेव्हा वेळा तिथल्या माणसांना विचारूनच उतरा.

आता खांदा. नवशिके नुसत्या हातांनी वल्हं ओढतात. तासाभरात हजारावर फटके सहज होतात आणि सगळा भार खांद्याच्या चार छोट्या स्नायूंवर पडतो. जात्यावर दळणारी आजी आठवा. ती कमरेपासून झुलायची, म्हणून पायलीभर दळूनही तिचा हात भरून येत नसे. तसंच धड वळवा, कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, मूठ सैल ठेवा. गच्च आवळलेली मूठ मनगट सुजवते. अर्ध्या-पाऊण तासाने काठाला लागून उभे राहा, नाहीतर कंबर धरेल.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळूनच बसा. "मला पोहता येतं" हे विहिरीत ठीक, वाहत्या पाण्यात नाही. कयाक उलटली तर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने वर तरंगते ठेवा. धारेत उभं राहायला जाल तर पाऊल दगडांत अडकतं आणि पाणी माणसाला आडवं पाडतं. दारू पिऊन नदीत उतरू नका, यावर अधिक काय लिहायचं!

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, ग्लुकोजची पुडी जॅकेटच्या खिशात ठेवावी. फिट येणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मला खरी काळजी वाटते ती लेप्टोची. उंदीर-गुरांच्या लघवीतले जंतू पाण्यातून, ओल्या मातीतून आपल्या जखमेवाटे शरीरात शिरतात. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर हा धोका जास्त. पाणी नितळ दिसलं म्हणजे निर्धोक असतं असं नाही. पायात बूट हवेत, ओरखडा असेल तर त्यावर पाणी न शिरणारी पट्टी. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तर खडा टोचल्याचंही कळत नाही.

हा आजार बहुधा पाच ते चौदा दिवसांनी डोकं वर काढतो, कधी महिन्यानेही. ताप, डोकेदुखी, लाल डोळे, पोटऱ्या दाबवत नाहीत इतक्या दुखऱ्या. तोवर सहल विसरलेली असते आणि रुग्ण "व्हायरल असेल" म्हणत घरच्या घरी गोळ्या घेत बसतो. सुरुवातीलाच योग्य प्रतिजैविक मिळालं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततं. म्हणून महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : "मी नदीत उतरलो होतो."