आयर्विनला किती फूट?



पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबागेत कुठल्याही टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो : 'आयर्विनला किती फूट?' आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. मग पर्यावरणाचा प्रकल्प दिला की हीच मुलं चार्ट पेपरवर हिरवी पृथ्वी आणि बर्फातलं अस्वल का चिकटवतात? (पृथ्वी बरेचदा आईच्या हातची असते, ते आम्हा शिक्षकांना ओळखू येतं.)

आम्हाला चित्रं नकोत असं नाही. चित्रामागे आकडा हवा. कृष्णेचं पाणी 2005 साली आयर्विन पुलाजवळ 53 फुटांवर गेलं, 2019 मध्ये 57 फुटांच्याही वर. याचा स्तंभालेख काढताना उभा अक्ष 50 पासून सुरू केला, तर 2019 चा स्तंभ दुपटीहून उंच दिसतो. शून्यापासून सुरू केला, तर दोन्ही जवळपास सारखेच. खरा कोणता? माझ्या मते दोन्ही अपुरे. 45 वर धोक्याची रेघ मारा, म्हणजे 2019 च्या वरच्या चार फुटांचं मोल कळतं. नदीकाठच्या गावभागातले पाहुणे ज्यांच्या घरी पुरात मुक्कामाला होते, त्यांना ते सांगायला नको.

टंचाईचंही तसंच. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. 50 टँकरची गाडी एका खेपेला साधारण 25 लाख लिटर पाणी न्यायची. ऐकायला केवढं मोठं! पण एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. भागाकार मुलांनाच करू द्या : तेवढं पाणी न्यायला 11 हजारांहून जास्त खेपा लागतील. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसी आहे. एवढा साठा असूनही आपल्याच सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे एका इन्फोग्राफिकमध्ये मांडायला सांगितलं, की मूल आपणहून विचारतं, 'मग पाणी जातं कुठं?' या प्रश्नाला मी रंगकामापेक्षा जास्त गुण देईन.

तेव्हा पालकहो, एक विनंती. स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणू नका. आकडे घरातच सापडतात : महावितरणच्या वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. घरातली बिलं मुलांच्या हातात द्या. मे महिन्याचा स्तंभ का वाढला, हे त्यांना शोधू द्या. उत्तर एसीपाशी येऊन थांबलं, तर रागावू नका.