घटक ४ : ‘सांगत्ये ऐका’ – कथन केलेले आत्मचरित्र

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्राची पार्श्वभूमी सांगता येईल.
• कथन आणि शब्दांकन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• क्रियापदांच्या रचनेवरून निवेदकाची भूमिका ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्रांचा परिचय करून घेतला. या घटकातील आत्मचरित्र मात्र सांगितलेले आहे. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य कथन केले आणि पत्रकार अरुण साधू यांनी त्याचे शब्दांकन केले. ‘माणूस’मधून वाचकांसमोर आलेले हे कथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अनंत माने यांच्या १९५९ च्या ज्या चित्रपटात त्यांनी काम केले होते, त्याचेच नाव पुस्तकाला देण्यात आले.

४.३ विषय विवेचन

४.३.१ पडद्यावरील दोन प्रतिमा

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घरच्या आर्थिक ओढगस्तीमुळे त्या बालवयातच चित्रपटात आल्या. १९३६ चा ‘विजयाची लग्ने’ हा त्यांचा आरंभीचा चित्रपट होय. ‘प्रभात’च्या ‘संत सखू’ने (१९४१) त्यांना सोशिक, भक्तिपरायण स्त्रीची प्रतिमा दिली, तर ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) तमाशातील कलावतीची. एका प्रतिमेपुढे हात जोडायचे आणि दुसरीला टाळ्या द्यायच्या, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. या दोहोंत न मावणाऱ्या स्त्रीकडे कसे पाहायचे, हे मात्र ठाऊक नव्हते.

४.३.२ सांगितलेले आयुष्य

कोवळ्या वयातील विवाह, मिळकतीवर पतीचा ताबा आणि तरीही त्याचा संशय, मूल हवे असताना करावे लागलेले गर्भपात, मद्याचे व्यसन, घर सोडून जाणे आणि मराठवाड्यातील एका खेड्यात बंदिस्त अवस्थेत काढलेला काळ, हे सारे या कथनात येते. संसाराची ओढ आणि संसारातून सुटण्याची धडपड या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी होत्या, हे वाचताना विसरू नये. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट याच आत्मकथनावर बेतलेला आहे. त्यातील अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

४.३.३ शीर्षकाचे व्याकरण

‘सांगत्ये’ हे ‘सांगते’चे बोलीतील रूप आहे. ‘येत्ये’, ‘जात्ये’ अशी रूपे आपण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडून ऐकली असतील. ‘मी’ हे सर्वनाम येथे उच्चारलेले नाही, तरी क्रियापदावरून बोलणारी स्त्री आहे, हे कळते. ‘ऐका’ हे आज्ञार्थी रूप आहे. त्यातून श्रोत्यांना आदराने, पण ठामपणे समोर बसवले जाते. ‘मला क्षमा करा’ असे हे शीर्षक म्हणत नाही, हे लक्षात घ्यावे.

आता पुढील तीन वाक्ये पाहा.
(१) माझे लग्न झाले.
(२) मला कामाला लावले.
(३) मी घर सोडले.

ही वाक्ये पुस्तकातील नाहीत, केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत. पहिल्यात घटना आपोआप घडल्यासारखी भासते. दुसऱ्यात कोणीतरी काही केले आहे, पण तो कर्ता अनुक्त आहे. तिसऱ्यात निवेदिका स्वतः कर्ती आहे. अशा स्त्रीविषयी वाचताना आपण सहसा एकतर कीव करतो किंवा न्यायनिवाडा करतो. कीव करताना तिसऱ्या प्रकारची वाक्ये आपल्या नजरेतून सुटतात, निवाडा करताना पहिल्या दोन प्रकारची. तिन्ही प्रकारांची वाक्ये वाचली, तरच संपूर्ण माणूस हाती लागतो.

४.३.४ आवाज कोणाचा?

शब्दांकनात निवड, क्रम आणि परिच्छेदरचना यांवर लेखकाचा हात फिरतो. म्हणून एखादे वाक्य जसेच्या तसे हंसाबाईंचे आहे, असे गृहीत धरता येत नाही. परंतु एवढ्यावरून हे आत्मचरित्र त्यांचे नाही, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. जात्यावरच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या, म्हणून त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नाहीत, असे आपण म्हणत नाही. ज्यांना लेखणीची सवय वा सवड मिळाली नाही, त्यांचे अनुभव साहित्यात येण्याची ही एक वाट आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘सांगत्ये ऐका’ या शीर्षकातून निवेदिकेची कोणती भूमिका व्यक्त होते?
२. पुस्तकातील कोणतेही एक पान निवडा. वर दिलेल्या तीन प्रकारांनुसार त्यातील वाक्यांचे वर्गीकरण करा आणि निष्कर्ष पाच ओळींत लिहा.
३. आपल्या परिचयातील एखाद्या वयस्कर स्त्रीचे दहा मिनिटांचे कथन तिच्या संमतीने ऐका व लिहून काढा. लिहिताना आपण काय गाळले, याची स्वतंत्र नोंद करा.

४.५ समारोप

हे आत्मचरित्र चित्रपटसृष्टीच्या इतिहासाचे साधन आहे, तसेच ते मराठी स्त्रीच्या कथनाचा महत्त्वाचा नमुनाही आहे. त्यातील दुःखाची यादी पाठ करणे म्हणजे अभ्यास नव्हे. ते दुःख कोणत्या वाक्यात, कोणाला कर्ता करून सांगितले आहे, हे तपासणे हा अभ्यास होय. तिसरा प्रश्न सोडवताना याचा आपल्याला स्वतःला प्रत्यय येईल.