रोजचीच वाट चुकते तेव्हा

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. मंडईतून परतताना हल्ली गल्ली चुकतात. नावं, हिशेब मात्र लख्ख. काळजी करावी का?

उत्तर : परगावी रस्ता चुकणं वेगळं, रोजच्या वाटेवरचं चुकणं मनावर घ्या. अल्झायमरचा पहिला घाव बहुधा मेंदूतल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सवर पडतो, आणि दिशेचं भान राखणाऱ्या ग्रिड पेशी तिथेच असतात. ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोबाइल खेळावरच्या २०१९च्या अभ्यासात, अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ जनुक असलेले लोक स्मरणचाचणीत ठीक होते, पण खेळातली बोट लांबच्या वाटेने नेत होते. तरी खेळ म्हणजे निदान नव्हे. घरी वडिलांची परीक्षा घेत बसू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. बी-१२, थायरॉइड आणि डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदूही वळण चुकवतो. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा.