दोन खिडक्यांचा कॅमेरा

एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून त्याकडे पाहा. बोट सरकल्यासारखे दिसते ना? हात लांब केला की हे सरकणे कमी होते. १९७०च्या दशकात शांघायमध्ये बनणारा ‘सीगल २०५’ हा फिल्मचा कॅमेरा (सीगल म्हणजे कुरव पक्षी) याच तत्त्वावर अंतर जोखतो. त्याच्या दर्शनी बाजूस दोन खिडक्या असतात. एकीतला प्रकाश आरशावरून वळून दुसरीमागच्या अर्धपारदर्शक आरशावर येतो. म्हणून दृश्याच्या मध्यभागी दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या जुळवल्या की अंतर साधले.

समजा, खिडक्यांत ४ सेंटिमीटर अंतर आहे. १ मीटरवरील वस्तूसाठी दृष्टिरेषांतील कोन सुमारे २.३ अंश येतो, १० मीटरवर ०.२३ आणि २० मीटरवर अवघा ०.११! इतक्या बारीक कोनांचा हा कारभार असल्याने जुन्या कॅमेऱ्यात धक्क्याने आरसा किंचित कलला तरी पंचाईत होते, कारण आरसा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. मग प्रतिमा जुळूनही छायाचित्र धूसर येते.

असा कॅमेरा हाती आला, तर कडे ‘अनंत’ खुणेवर ठेवून चंद्राकडे पाहा. दोन चंद्र दिसले, तर आरसा हललेला आहे.