खातं, पण अंगी लागत नाही ना?

अगं, लेकरू खातं पण अंगी लागत नाही म्हणून सगळे तुलाच बोल लावताहेत ना? कुणी म्हणतं तूप वाढव, कुणी म्हणतं दूध दुप्पट कर. आणि तू आपली रडवेली होऊन ताट घेऊन त्याच्या मागे फिरतेस. थांब जरा, बस. खरं सांगू का, तुझ्या स्वयंपाकात काही उणं नाही. आधी त्याच्या पोटात जंत आहेत का, ते बघायला हवं.

आपल्याला वाटतं जंत म्हणजे ताटातला वाटेकरी, मुलाचं अन्न खाऊन टाकणारा. तेवढंच असतं तर दोन घास जास्त भरवून भागलं असतं गं. पण तो आतड्याचं कामच बिघडवतो. लहान आतड्याला आतून बारीक लव असते, पचलेलं अन्न तीच शोषून घेते. गोल जंत तिथे महिनोन्‌महिने राहिले की आतडं सुजतं, लव आखूड होते. धुऊन धुऊन झिजलेला टॉवेल पाणी टिपत नाही ना, तसंच होतं बघ. दुधातली साखर पचवणारं द्रव्य याच लवेवर असतं. म्हणून अशा पोराला दूध दुप्पट केलंस तर कधीकधी पोट जास्तच गुबारतं. स्निग्ध पदार्थ आणि अ जीवनसत्त्वही नीट शोषलं जात नाही. 

शरीरही गप्प बसत नाही. आतडं जास्त चिकट स्राव सोडतं, अस्तराच्या पेशी भराभर बदलतं, जंताला बाहेर ढकलायला बघतं. या सगळ्याला लागणारी ताकद तू भरवलेल्या घासांतूनच खर्च होते. वर भूकही मंदावते. म्हणजे ताट समोर येताच तोंड फिरवणारं लेकरू दर वेळी हट्टीच असतं असं नाही, बाई. त्याला रागावू नकोस.

अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. याची अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पिते. एकेकाचं पिणं थेंबाथेंबाचंच, पण बरेच असले की लोह आणि प्रथिनं रोज वाहून जातात. लेकराची खालची पापणी हलकेच ओढून बघ. आतून फिकट दिसली, मूल खेळता खेळता लवकर दमत असेल, तर रक्त तपासून घे. शेतावर, अंगणात चप्पल घालायला लावतेस ना, ती याचसाठी.

आता जंताच्या गोळीचं. 2015 पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, 10 फेब्रुवारीला. 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल देतात. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी, पुढे 400 मिलिग्रॅमची पूर्ण. लहानग्यांना पूड करून पाण्यातून द्यायची, मोठ्यांनी चावून खायची. त्या दिवशी मूल आजारी असेल तर अंगणवाडीच्या ताईंना सांग आणि बरं झाल्यावर दे. या गोळीमुळे जंताला साखर शोषता येत नाही. साठवलेली संपली की तो उपाशी मरतो आणि शौचावाटे निघून जातो. पोटात थोडं दुखेल, मळमळेल, घाबरू नकोस. पण पोट टम्म फुगून कळा येत असतील, उलट्या होत असतील, शौचाला होत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नकोस. तडक दवाखाना गाठ.

गोळी पुन्हा पुन्हा कशाला द्यायची, असं विचारशील. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती उघड्यावरच्या शौचातून मातीत मिसळतात, तिथे काही आठवड्यांनी तयार होतात आणि मग नखांतून, न धुतलेल्या गाजर-कोथिंबिरीतून परत तोंडात जातात. गोळी मातीतली अंडी मारत नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात, हे मात्र डोक्यातून काढून टाक. गुळाच्या खड्यावरून लेकराला उगाच रडवू नकोस.

आणि एक मनाशी धर. गोळी दिली म्हणून पुढच्याच महिन्यात वजनाचा काटा सरकेल असं नाही. आतडं सावरायला वेळ लागतो, आणि वजन न वाढण्याची दुसरी कारणंही असतात. डाळ, अंडं, पालेभाजी, जे रोज करतेस तेच थोडं थोडं, जास्त वेळा दे. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना अंगणवाडीतला वजनाचा तक्ता बरोबर ने.