घुमटातील आकाश आणि अंगणातील आकाश

मुलांनो, पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके तुम्ही नकाशात पाहिले असतील. डहाणूच्या पश्चिमेस समुद्र आहे. आत गेले की चिकूच्या वाड्या, भातशेते व डोंगरपायथ्याचे पाडे लागतात. येथील लोकांचे आकाशाशी जुने नाते आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार चंद्राच्या तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ ताडतात. वारली स्त्रिया लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा त्यात सूर्य व चंद्र यांना मानाचे स्थान देतात. पावसाळा सरल्यावर अंधाऱ्या रात्री, दिव्यांपासून दूर असलेल्या पाड्यावरून आकाशगंगेचा फिकट पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.

मग ज्यांच्या अंगणावर असे आकाश आहे, त्यांनी शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबईतील कृत्रिम आकाश पाहावयास का जावे?

मुंबईत वरळी येथे ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण सुरू झाले. त्यापूर्वी १९५४ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एक तारांगण उभे राहिले होते. तारांगणात प्रेक्षकांच्या डोक्यावर घुमट असतो. जुन्या यंत्रांत दिव्याचा प्रकाश बारीक छिद्रांतून घुमटावर पडे आणि प्रत्येक ठिपका तारा होऊन चमके. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली व सबंध घुमटच चित्रपटाचा पडदा झाला. ताऱ्यांचा उदय व अस्त पाहण्यास बाहेर सारी रात्र जागावे लागते. घुमटाखाली तेच दृश्य काही मिनिटांत उलगडते. पृथ्वी सोडून शनीच्या कड्यांपर्यंत जाण्याचा भासही तेथे होतो.

परंतु असे चित्रपट पाहताना मनात एक प्रश्न जागा ठेवावा : हे दृश्य कोणी पाहिले?

काही दृश्ये माणसाने स्वतः टिपलेली असतात. १९८४ साली अमेरिकेच्या अंतराळवीरांनी अवजड कॅमेरा आपल्या यानातून नेला. नेहमीच्या चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद असे. ही फीत ७० मिलिमीटरांची होती, म्हणून तिच्यावरील चित्र प्रचंड पडद्यावरही स्पष्ट दिसे. त्यांतून १९८५ चा ‘द ड्रीम इज अलाइव्ह’ हा माहितीपट तयार झाला.

काही दृश्ये यंत्राने टिपलेली असतात. शनीपर्यंत एकही मनुष्य गेलेला नाही. मात्र कॅसिनी यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरून चित्रे पाठवीत होते.

आणि काही दृश्ये कोणीच पाहिलेली नसतात. दोन दीर्घिकांची टक्कर पुरी होण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. ती पडद्यावर दिसते, तेव्हा गणिताच्या आधारे संगणकाने रेखाटलेली असते. हे चित्र खोटे नव्हे; पण ते छायाचित्रही नव्हे. चित्रपटात ऐकू येणारा गडगडाटही मागाहून जोडलेला असतो, कारण अवकाशात ध्वनी वाहून नेणारी हवा नाही.

हा भेद ज्याला कळला, त्यालाच चित्रपट खरा समजला. आणि पाहिलेले पडताळण्याची सोय डहाणू-तलासरीच्या मुलांना घराबाहेरच आहे. तारांगणात सांगतात, की आपण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेस असतो, जवळजवळ तितकेच अंश ध्रुवतारा क्षितिजाच्या वर दिसतो. डहाणू सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. हात ताठ पुढे धरला असता मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. तेव्हा उत्तरेच्या क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. दोन मुठींच्या वर ध्रुवतारा शोधा. एवढ्याने तुम्ही आपल्या गावाचा अक्षांश स्वतः मोजलेला असेल!

शहरातील झगमगाटात पुष्कळ तारे लोपतात. तेथील मुलांना घुमट हरवलेले आकाश दाखवितो. तुम्हांला तो अंगणातील आकाश वाचावयास शिकवील. म्हणून घुमट अवश्य पाहा, आणि परतल्यावर रात्री अंगणात या.

स्वाध्याय
१. पडद्यावरील दृश्यांचे कोणते तीन प्रकार पाठात सांगितले आहेत?
२. आपल्या गावातून ध्रुवतारा किती मुठी उंच दिसतो, ते मोजून वहीत लिहा.